मैना छाप

नरखेड
४ नोव्हेंबर २०२४

प्रिय आबाजी,
सप्रेम जयभीम.

फोनवर तुम्हाला खरखरीशिवाय काही ऐकू येत नाही आणि मोबाईलवरचं मराठी अक्षर पाहून तुमचं डोकं फिरतं, म्हणून हा कागद. ओळी सरळ ठेवल्या आहेत. लाल पेन घेऊन बसू नका.

मिहानमधल्या आयटी कंपनीची नोकरी सोडल्याबद्दल बाबांचं तोंड अजून फुगलेलंच असेल. त्यांना सांगा, चार वर्षं मी एकाच गोष्टीवर मीटिंगा केल्या, मोबाईलवरचं बटण हिरवं असावं की निळं. इथे निदान संत्रं हातात येतं. ऋषिकेश ठवकर नावाच्या तरुणाने शेतकऱ्यांची कंपनी काढली आहे, तिच्या पॅकिंग शेडमागे मला एक खोली दिली आहे. नवीन पेटी आणि तिच्यावरचं लेबल करायचं आहे. डिसेंबरमध्ये पहिल्या पेट्या बंगलोरला जाणार. माझं एकटीचं हे पहिलं काम आहे, आबाजी. हे फसलं तर मला पुन्हा बटणांकडे जावं लागेल.

आता खरी बातमी. ऋषिकेशने त्यांच्या जुन्या कोठीतून एका लाकडी पेटीचं झाकण आणून दाखवलं. त्याच्यावर लेबल: मैना छाप संत्री. टोपली घेतलेली एक गोरीपान मुलगी, आणि खाली कोपऱ्यात मुंगीएवढं 'आनंद आर्ट, सीताबर्डी'. मी उडालेच. ऋषिकेशचे आजोबा महादेवराव तुमचं गिऱ्हाईक होते, हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

त्याला तेच लेबल परत हवं आहे, मोठं करून. पेटीच्या मागे 'चित्रकार आणि त्याची मैना' अशी चार ओळींची गोष्टही हवी आहे. तेव्हा दोनच प्रश्न. मूळ चित्र तुमच्याकडे आहे का? आणि ही मुलगी कोण?

चंद्रभानकाका रोज संत्र्याची गाडी घेऊन नागपूरला कळमन्याच्या बाजारात जातात, त्यांची बहीण तुमच्या बेशातच राहते. उत्तर त्यांच्याकडेच द्या.

तुमची
दीप्ती

*

बेसा, नागपूर
७ नोव्हेंबर २०२४

चि. दीप्ती,
सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. अक्षर बरं आहे. 'क्ष' अजून लंगडतो.

माझं इथे मन लागत नाही. इंदोऱ्याच्या जुन्या घरी दार उघडलं की माणूस दिसायचा, इथे लिफ्ट दिसते. सकाळपासून दोनदा चौकापर्यंत जाऊन आलो. वॉचमन विचारतो, "आबाजी, काही हरवलं काय?" चौकात कुणा इच्छुक उमेदवाराच्या वाढदिवसाचं फ्लेक्स लागलं आहे. अक्षरं रबरासारखी ताणलेली आणि सतरा चेहरे, सगळे चुना फासल्यासारखे पांढरे. त्यातला एक आपल्या जुन्या गल्लीतला आहे. तो चड्डीत होता तेव्हापासून मी त्याला पाहतो, तो असा कधीच नव्हता. आपलं तोंड आपल्याच आईला ओळखू येणार नाही, याची या लोकांना लाज कशी वाटत नाही?

लेबलाबद्दल. ते किरकोळ काम होतं. चाळीस वर्षांत मी साबणाची वेष्टनं केली, उदबत्तीचे पुडे केले, सिनेमाच्या स्लाइडी केल्या, अर्ध्या सीताबर्डीच्या पाट्या रंगवल्या. सगळं कुठे लक्षात राहतं? मूळ चित्र छापखान्यात जायचं आणि तिथून रद्दीत. त्या चित्रातली मुलगी कोणी नव्हती. मनानेच काढलेली.

माझं ऐकशील तर जुनं उकरू नकोस. तू शिकलेली आहेस, नवीन कर. पेटीच्या मागे माझ्याबद्दल एक ओळ लिहू नये. ऋषिकेशला सांग, म्हाताऱ्याला आठवत नाही.

स्वेटर नेलास का?

तुझा
आबाजी

*

नरखेड
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय आबाजी,
सप्रेम जयभीम.

तुम्हाला आठवत नाही? नव्वद साली कुठल्या दुकानाच्या पाटीत कोणी काना चुकवला होता, ते तुम्हाला आठवतं.

तुम्ही दिलेलं भिंग लावून मी लेबल पाहिलं. मुलीच्या डाव्या भुवईत खाच आहे. तिथे केस उगवलेले नाहीत. मनाने काढलेल्या मुलीला अशी खाच कशाला पडेल? ती कोणीतरी आहे. तुम्ही लपवताय.

इथली एक गंमत सांगते. शेडमध्ये मशीन आलं आहे, तरी डागी फळ वेचायला बायकाच लागतात. पंधरा-सोळा जणी आहेत, त्यांच्यावर शोभाताई. मी लेबल घेऊन फिरतेय हे पाहून त्या म्हणाल्या, "मॅडम, फोटोवालीले शोधून राहिल्या ना? हे पाहा, तुमच्यापुढंच बसली. आमची मैनाबाई." सगळ्या खो खो हसल्या. कोपऱ्यात सत्तरीची एक बाई बसली होती. वाळलेली, डोक्यावर पदर, चांगली काळी. ती म्हणे वर्षानुवर्षं सांगते की लेबलावरची मुलगी म्हणजे मीच. गावात तिचं खरं नाव कोणी घेत नाही. शेंबडी पोरंसुद्धा मैनाबाई म्हणून चिडवतात.

ती मान वर न करता म्हणाली, "हासा. हासाले काय लागते." आणि हातातलं संत्रं उलटंपालटं करून डागीच्या ढिगात टाकलं. खरं सांगायचं तर मलाही हसू आवरलं नाही. लेबलावरची ती दुधातून काढल्यासारखी मुलगी कुठे आणि ही कुठे.

ऋषिकेशला एकोणतीस तारखेला छपाईला फाईल पाठवायची आहे. आता आढेवेढे पुरे.

तुमची
दीप्ती

*

बेसा
१३ नोव्हेंबर २०२४

दीप्ती,

त्या बाईंचं नाव काय? नीट विचार आणि लगेच कळव. तू त्यांच्यावर हसायला नको होतंस.

आबाजी

*

बेसा
१४ नोव्हेंबर २०२४

चि. दीप्ती,

काल चार ओळी देऊन चंद्रभानला पाठवलं, पण तेवढ्याने भागलं नाही. सकाळपासून तीन कागद फाडले. तुझी आई दोनदा विचारून गेली की तब्येत बरी आहे ना. नाव तू कळवायच्या आधी मीच लिहितो. त्यांचं नाव अंजना. बरोबर आहे ना?

डिसेंबर १९७२. मी सव्वीस वर्षांचा. कमर्शियल आर्टचा डिप्लोमा झालेला, सीताबर्डीला जिन्याखाली एक खोली, दारावर माझ्याच हाताची पाटी. महादेवराव ठवकर आले आणि म्हणाले, कलकत्त्याला माल जातो, मैना छाप नावाचं लेबल पाहिजे. त्या काळी फळांच्या लेबलावर देवी असायची, नाहीतर सिनेमातल्यासारखी नटी. मला वाटलं, संत्रं जिच्या हातातून जातं तिलाच काढावं. महादेवरावांच्या शेडमध्ये गेलो. तीस बायका संत्री निवडत होत्या. त्यात अठरा वर्षांची अंजना. पेटीचा खिळा लागून भुवई फाटलेली. मी विचारलं, तुझं चित्र काढू का? ती म्हणाली, "काढा. पण माहा हात थांबणार नाही." तीन दिवस ती काम करत राहिली आणि मी समोर बसून काढत राहिलो. निघताना तिने विचारलं, "मले एक द्याल का?" मी म्हटलं, पहिलं छापून आलेलं लेबल तुझं.

लेबल शिवकाशीहून छापून आलं, आणि चार-सहा दिवसांनी महादेवरावांच्या मुनिमाचं कार्ड आलं. तुम्ही तीन दिवस पोरीपुढे बसलात, गावात बोलणं झालं, तिचं जमलेलं लग्न मोडलं, तुम्ही पुन्हा इकडे येऊ नये. मी गेलो नाही. काटोलच्या पुढे नरखेडकडे जाणाऱ्या बसमध्ये मी बावन्न वर्षांत पाय ठेवलेला नाही. तुझ्या आजीलाही हे कधी सांगितलं नाही. एका चित्रापायी एका पोरीचं आयुष्य नासलं, हे कोणाला आणि कसं सांगणार?

ती काळी आणि लेबलावरची गोरी, याचं तुला नवल वाटलं. ते महादेवरावांचं. चित्र दाखवलं तेव्हा म्हणाले, "संत्र्याले उठाव पाहिजे. पोरगी गोरी करा." गिऱ्हाइकाचं ऐकावं लागतं.

आता माझी एकच विनंती. ते लेबल पुन्हा त्या शेडमध्ये लागू देऊ नकोस. ज्या चित्राने त्यांचं वाटोळं केलं, ते त्यांनी या वयात रोज डोळ्यांपुढे पाहायचं का? दुसरं काहीही काढ. झाड काढ, फळ काढ. चेहरा नको.

आबाजी

*

नरखेड
२० नोव्हेंबर २०२४

प्रिय आबाजी,

सहा दिवस लिहिलं नाही. रागावले नव्हते. आधी त्या बाईंना भेटायचं होतं.

नाव बरोबर आहे. अंजनाबाई. मी त्यांच्या घरी गेले. त्या दिवशी हसले होते, त्यामुळे पाय उचलत नव्हता. तुमचं पत्र वाचून दाखवलं आणि तुमच्या वतीने माफी मागितली. त्या ज्वारी पाखडत होत्या, थांबल्या नाहीत. मग म्हणाल्या, "लग्न? ते तं माह्या बापानं मोडलं. पोट्टा दारू पेत होता. त्याचा अन् चित्राचा काय संबंध जी?" आणि मुनिमाचं कार्ड? "मुनिमाले काहीतरी बोलाले पाहिजेच होतं. आठ दिवस बाया बोलल्या, मंग विसरल्या. दुसऱ्या वर्षी माहं लग्न झालं. चांगला होता नवरा."

आबाजी, तुम्ही बावन्न वर्षं जे उरावर घेऊन बसला होता, ते घडलेलंच नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की मी विचारलं, म्हणजे तुमचं काही बिघडलं नाही?

त्यांनी सूप खाली ठेवलं. "बिघडलं ना," म्हणाल्या. पुढचं त्या बोलल्या तसंच लिहिते.

"लेबल यायच्या आधी मी साऱ्या बायांले सांगून ठेवलं होतं, माहा फोटो येऊन राहिला. गठ्ठा सोडला तं आतून गोरी बाई निघाली. साऱ्या माह्याकडं पाहून राहिल्या. म्हणे, हे कोण व्हय वं? मी भुवई दाखवली. म्हणे, छपाईचा डाग व्हय तो. नवऱ्याले सांगितलं, तो हासला. पोरायले सांगितलं, ते हासले. नातू म्हणते, आजी, फेकू नको. तवापासून मी खरं बोलून राहिली अन् खोटारडी होऊन राहिली. तुह्या आबाजीले एकच विचारजो. माहा रंग काहून बदलला? तीन दिवस तं डोळे फाडून पाह्यत होता."

मी सांगितलं की महादेवरावांनी तसं करायला लावलं. त्यावर त्या म्हणाल्या, "शेठ तं तवा कलकत्त्याले होता. लेबलं वाटून झाल्यावर आला."

आता तुम्ही सांगा. चौकातल्या फ्लेक्सबद्दल तुम्ही जे लिहिलंत, तो कागद माझ्यासमोरच आहे.

ऋषिकेशला जसंच्या तसं जुनं लेबल हवं आहे. लोकांना जुन्या काळचं आवडतं म्हणतो. माझं मन आता त्यात नाही. रोज सकाळी शेडमध्ये जाते, अंजनाबाईंसमोरून जाताना मान खाली घालते आणि परत येते. खोलीत बसवत नाही, कामही होत नाही.

दीप्ती

*

बेसा
२३ नोव्हेंबर २०२४

चि. दीप्ती,

महादेवरावांनी काही सांगितलं नव्हतं. मेलेल्या माणसावर मी ढकललं. काम सांगून ते कलकत्त्याला गेले होते, चित्राचं सगळं माझ्यावर सोडून. मला कोणीच काही सांगितलं नव्हतं.

आमची कामाची एक रीत होती. बाहेर जाताना रंग नेता यायचे नाहीत. पेन्सिलीने काढायचं आणि कडेला रंग लिहून ठेवायचे, म्हणजे खोलीवर येऊन रंगवताना चूक होत नाही. अंजनाबाईंचं मी तसंच काढलं. सीताबर्डीला येऊन रंग कालवला. पहिल्याच फटक्यात बरोबर उतरला. मी तो भिंतीला लावून पाहिला आणि मनात आलं, हा चेहरा कलकत्त्यात कोण घेईल? थोडा पांढरा घातला. मग आणखी थोडा. कोणी मागे उभं नव्हतं, कोणी धमकावत नव्हतं. चहा प्यायलो, आणखी थोडा घातला. दुपार सरेपर्यंत ती वेगळीच बाई झाली होती. आम्ही शिकलोच असे होतो की विकायचा चेहरा म्हणजे गोरा चेहरा. भुवईची खाच तेवढी ठेवली. का ठेवली, मला माहीत नाही.

माझ्या आईचा रंग अंजनाबाईंचाच होता. माझा त्याहून गडद आहे. छप्पन साली धर्मांतर झालं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, वडिलांचं बोट धरून तिथे उभा होतो. कापडी फलकांवरची ती मोठी अक्षरं पाहून मला अक्षराचं वेड लागलं. आपण नवी माणसं झालो, असं वडील घरी येऊन रडत रडत म्हणाले होते. आणि सोळा वर्षांनी मी आपल्याच एका पोरीचं तोंड पुसून टाकलं. तिचं लग्न मोडलं हे मानणं मला सोपं गेलं असावं. त्यात दोष गावाचा होता. ह्यात माझाच आहे.

मूळ चित्र रद्दीत गेलं हे खरं. पेन्सिलीचं गेलं नाही. इंदोऱ्याचं घर सोडताना ब्रश दिले, रंग दिले, तुझ्या बाबाने, अंकुशने, माझं टेबल विकलं तेही जाऊ दिलं. ही गुंडाळी मात्र कपड्यांच्या पेटीत तळाशी घालून आणली. चंद्रभानच्या हाती पाठवतो आहे. त्याला सांगितलं आहे की संत्र्यांवर ठेवू नकोस, मांडीवर धर.

कागदाच्या कडेला माझं अक्षर आहे, ते वाच. मग अंजनाबाईंना दे. ते त्यांचंच आहे, बावन्न वर्षं उशीर झाला आहे.

आबाजी

*

नरखेड
२८ नोव्हेंबर २०२४

प्रिय आबाजी,
सप्रेम जयभीम.

चंद्रभानकाकांनी खरंच मांडीवर धरून आणलं. गाडी चालवताना कसं धरलं, ते मी विचारलं नाही.

मी खोलीत उघडून पाहिलं. काय काढलं होतंत तुम्ही. नजर हातातल्या फळावर, ओठ घट्ट मिटलेले, भुवईत खाच. आणि कडेला तुमचं ते मोत्यासारखं अक्षर: 'अंजना. निवड शेड. १४ डिसेंबर ७२. रंग पिकल्या चिंचेचा, गालाच्या हाडावर तांबूस. पांढरा मिसळू नये.'

जेवणाच्या सुट्टीत मी ते अंजनाबाईंच्या हातात दिलं. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी चित्र पाहिलं, पदराने हात पुसले, पुन्हा पाहिलं. शोभाताई डबा टाकून उठल्या. चित्र अंजनाबाईंच्या तोंडाशेजारी धरलं. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. कडेचं मी मोठ्याने वाचून दाखवलं. 'पांढरा मिसळू नये' हे दोनदा वाचलं. शोभाताई म्हणाल्या, "अंजनाबाई, हे तं तूच व्हय वं." त्यांनी मैनाबाई म्हटलं नाही.

अंजनाबाई सगळ्यांकडे पाहून म्हणाल्या, "आता हासा ना. काहून थांबल्या?" कोणी हसलं नाही. दोघी-तिघी रडत होत्या. मीही.

मी ऋषिकेशला सांगितलं, लेबल होईल तर ह्या रंगात, नाहीतर मी बॅग भरते. तो म्हणाला, "दीप्तीताई, भावना मले समजते, पण बाजार वेगळा असते." मी बॅग भरायला घेतलीही. मग शोभाताई त्याच्याकडे गेल्या. लेबलं चिकटवायचं काम त्यांच्याच बायकांचं आहे. त्या म्हणाल्या, "भाऊ, ते गोरी बाई आमच्या ओळखीची नाही. तिले चिकटवाचं असन तं तुम्ही चिकटवा." ऋषिकेश दिवसभर फोन घेऊन अंगणात फेऱ्या मारत होता. शेवटी पाचशे पेट्यांपुरतं हो म्हणाला. पुढचं बंगलोरहून काय येतं ते पाहून. माझं काम तरलं की बुडलं, ते मला अजून माहीत नाही. उद्या फाईल जाते आहे, खालची नावाची ओळ मात्र पाच तारखेपर्यंत देता येईल.

खाली नाव काय टाकू? आनंद आर्ट?

दीप्ती

ता. क. अंजनाबाई म्हणाल्या, माझं पत्र लिहून घे. पुढचं पान त्यांचं आहे. मी एक शब्द बदललेला नाही.

*

नरखेड
२८ नोव्हेंबर २०२४

पेंटर साहेबाले अंजनाचा जयभीम.

तुमची नात लिहून राहिली, मी सांगून राहिली. चित्र भेटलं. नातवाच्या हातात देल्लं. तो लय वेळ पाह्यत बसला. मंग म्हणे, आजी, तू खरंच होती का? मी म्हटलं, हाओ, अजूनही हाय.

तुम्ही माफी मांगून राहिले. तुमची नात म्हणते, तुमी लय दिवस जीवाले खाल्लं. लग्नासाठी खाल्लं ते फुकट गेलं. रंगासाठी खाल्लं ते बरं केलं. मले राग व्हता. चित्र पाह्यलं तं थोडा कमी झाला, सारा नाही गेला. खोटं काहून सांगू.

एक इचारते. तुमी कागदावर लिवलं, पांढरा मिसळू नये. म्हणजे तुमाले दिसलं व्हतं. मले वाटे, पेंटरले दिसलंच नसन. दिसलं व्हतं, हे आयकून मले बरं वाटलं अन् वाईटबी वाटलं.

आता मी म्हातारी झाली. केस पिकले, दोन दात पडले. पेन्सिलीचं चित्र पोरीचं हाय. माहं आताचं कोणी काढलं नाही. तुमाले दिसत असन अन् हात चालत असन तं या. मी तीन दिवस बसते. आता कोणी काही म्हणत नाही, अन् म्हटलं तं शोभा हाय. पण माहा हात थांबणार नाही, सीझन चालू हाय.

अंगठा माहाच हाय.

*

बेसा, नागपूर
३ डिसेंबर २०२४

आदरणीय अंजनाबाई,
सप्रेम जयभीम.

दीप्ती हे पत्र तुम्हाला वाचून दाखवेल. दीप्ती, लेबलाच्या खाली आनंद आर्ट टाकू नकोस. तिथे 'चित्रात: अंजनाबाई' एवढंच लिही. जागा उरली तर उरू दे.

अंजनाबाई, तुमचं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटायला आलं आहे. तुमचा राग सारा गेला नाही हे तुम्ही सांगितलंत, ते बरं केलंत. सारा गेला असं लिहिलं असतं तर मला इथेच बसून राहायला सबब मिळाली असती. होय, मला दिसलं होतं. दिसूनही मी तसं केलं.

डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि हात थोडा कापतो. सून म्हणते, एवढ्या लांब एकटे जाऊ नका. अंकुश गाडीने सोडतो म्हणाला, मी नाही म्हटलं. काटोलच्या पुढे जाणारी ती बस मला माझ्या पायांनीच चढायची आहे. सोमवारी सकाळच्या गाडीने निघतो. सकाळपासून चौकापर्यंत येरझारा चालू आहेत, पण आज वॉचमनने काही हरवलं का म्हणून विचारलं नाही.

सीताबर्डीला जाऊन नवीन रंग आणले. दुकानदाराने ओळखलं नाही. तपकिरी घेतला, तांबडा घेतला, काळा घेतला, थोडा जांभळा. पांढऱ्याची ट्यूब हातात घेऊन बराच वेळ उभा राहिलो, मग तीही घेतली. ती फक्त केसांसाठी आहे.

आपला
आनंदराव